चुका संपल्या

सुमन, तुझं शेवटचं बोलणं असं होतं: "अहो, चुका संपल्या."

त्यावर मी म्हणालो, "मग आण की जाऊन."

एवढंच. पुढं काही नाही. तू दुकानाच्या फळीवर बसून पिशवीच्या तळाशी हात घालून चाचपत होतीस, अर्ध्या इंचाच्या चुका कुठं उरल्यात का ते. मी तुझ्याकडं पाठ करून चपलेच्या पट्ट्याला आरीनं भोकं पाडत होतो. मागं काहीतरी पडलं. मला वाटलं डबा पडला. मी तसंच खाली मान घालून विचारलं, "सांडल्या का?" तू उत्तर दिलं नाहीस. तू उत्तर देत नाहीस असं कधी होत नाही, म्हणून मी वळलो.

डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं, त्यांना कळलंसुद्धा नसेल. मला तरी कुठं कळलंय. सकाळी तू चहा केलास, साखर कमी पडली म्हणून मी कुरकुर केली, तू म्हणालीस, "गोड बोलायला शिका, साखर लागणार नाही." हे बोलणारी बाई दुपारी नाही, हे माझ्या डोक्यात बसत नाही. ठोकून बसवायला गेलो तरी बसत नाही.

काल तुझं तेरावं झालं. मंगल म्हणाली, "बाबा, सारखं पुटपुटत बसता, त्यापेक्षा लिहून काढा. समाजाच्या मासिकात देऊ. शुद्धलेखन मी बघते." म्हणून लिहितोय. माझं शिक्षण तुला माहीत आहे. आपल्या लेकीनं काना-मात्रा सुधाराव्यात, माझं बोलणं सुधारू नये, असं तिला आधीच सांगून ठेवलंय.

तुला घरी आणलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, पायाचे अंगठे बांधा. तुझ्या जावा पुढं झाल्या, पण त्यांची गाठ बसेना. मग त्यातलीच एक म्हणाली, "भावजी, तुम्हीच बांधा. तुमचा हात रोजचा आहे." माझ्या खिशात मेण लावलेला दोरा होता. मी खाली बसलो आणि तुझे पाय हातात घेतले.

सुमन, लग्नानंतर पहिल्यांदा. लोकांना हे खरं वाटणार नाही. अख्ख्या पंचवटीतल्या माणसांचे पाय माझ्या हाताखालून गेले आणि माझ्या बायकोनं मला कधी पायाला हात लावू दिला नाही. "नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावला की बायकोला पाप लागतं." मी म्हणायचो, अगं, माप घेतोय, पाया पडत नाही. तू म्हणायचीस, "दिवसभर बायांचे पाय धरता, माझे तेवढे राहू द्या." मग तूच कागदावर पाय ठेवायचीस, वाकून पेन्सिल फिरवायचीस आणि तो कागद माझ्याकडं टाकायचीस. एकाच पायाचा. डाव्या. दुसऱ्याचं काय, विचारलं तर, "तोही तसाच आहे, देवानं जोडीनंच दिलेत." या एका गोष्टीवरनं आपण किती वेळा भांडलो. मी म्हणायचो, तू टाच बाहेर टाकून चालतेस, म्हशीसारखी. तू म्हणायचीस, चप्पल शिवणाऱ्याला नीट शिवता येत नाही.

तर मी गाठ मारायला तुझे दोन्ही पाय जवळ घेतले आणि माझ्या हाताला कळलं. मी कळून घेतलं नाही. हातच तसले झालेत, पाय आला की मोजतात. तुझा उजवा पाय डाव्यापेक्षा अर्धं बोट लांब. मी पुन्हा बघितलं. अंगठे जुळवले तर टाचा जुळेनात. उजव्या टाचेखालची कातडी तर मी लावतो त्या सोलापेक्षा टणक. म्हणजे तू टाच बाहेर टाकत नव्हतीस. टाचेला चपलेत जागाच नव्हती. लोक रडत होते आणि मी तिथं उकिडवा बसून तुझ्यावर चिडलो होतो. तुला तोंड नव्हतं का? चामडेवाल्या रफिकभाईशी एका फुटाच्या चामड्यासाठी दुपारभर घासाघीस करणारी बाई तू, घरात बसलेल्या माणसाला "उजवी आखूड होते" एवढं म्हणता येत नव्हतं? तुझ्या जावेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिला वाटलं मी रडतोय. मी तुला शिव्या देत होतो, मनात.

नंतर तुझा भाऊ आला. भजनातला माणूस. त्यानं विचारलं, "दाजी, ताई शेवटी काही बोलली का?" मी खरं ते सांगितलं. म्हणाली, चुका संपल्या.

त्यानं डोळे मिटले. "चुका संपल्या," असं स्वतःशीच दोनदा म्हणाला. मग म्हणाला, "किती मोठं बोलून गेली हो. जन्माच्या चुका संपवून गेली."

"अहो, चुका म्हणजे खिळे," मी म्हणालो. "सोलाला मारायचे. अर्ध्या इंचाचे."

"दाजी, तुम्हाला खिळे दिसले. तिला काय दिसत होतं ते तिचं तिला ठाऊक."

बाया तर लगेच एकमेकींना सांगायला लागल्या. येणारा प्रत्येक जण माझ्यापुढं बसून म्हणायचा, चुका संपल्या म्हणाल्या म्हणे, भाग्यवान. जावयानं चौकात फ्लेक्स लावला. तुझा तो मंगलच्या लग्नातला फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात, "चुका संपल्या". मी मंगलला म्हणालो, हे काढायला सांग, तुझी आई खिळ्यांबद्दल बोलत होती. ती म्हणाली, "राहू द्या ना बाबा. तेवढंच बरं वाटतं लोकांना." मग राहू दिलं. रोज तिथनं जाताना मी वर बघतो आणि तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकू येतं. "संपल्या कुठल्या? ही माझी चूक बसलीय की दुकानात."

गुरुजींनी सांगितलं, तेराव्याला सवाष्णीला साडी, बांगड्या द्यायच्या, आणि चपला. वाटेत खडे असतात, काटे असतात, तिला चालत जायचं आहे. जावई म्हणाला, "मामा, मेन रोडवरनं रबरी घेऊन येतो, तुम्ही काळजी करू नका." चांगला मुलगा आहे, पण मी त्याच्या अंगावर ओरडलो. मी जिवंत असताना तू बाजारातल्या रबरी चपला घालून जाणार? मी करणार, असं सांगितलं. आणि या वेळी दोन्ही पायांच्या, खऱ्या मापाच्या. मला बाकी कशाचंच काही कळत नव्हतं, हे एकच कळत होतं. तेराव्याला तुझ्या पायात नीट बसणारी एक जोडी पाहिजे.

पण चामडं? घरात होते ते तुकडे पोटाकडचे. पोटाचं चामडं वापरात ओढलं जातं, वाढतं. पट्ट्याला आणि तळाला पाठीचंच पाहिजे. ते आणायचं काम तुझं. आणणारी तू आणि शिवणारा मी, असं आपलं ठरलेलं. लोकांना वाटायचं मी आळशी. खरं कारण तुला माहीत आहे. रफिकभाईच्या वडिलांशी माझं वाजलं होतं. त्यांनी एक चामडं म्हशीचं म्हणून दाखवलं, मी म्हणालो, हे म्हशीचं नाही, तुमच्या जिभेचं आहे, म्हणून एवढं ताणतंय. त्यांनी मला पायरी चढू नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू गेलीस आणि गोड बोलून बदलून आणलंस. तेव्हापासून तूच.

म्हातारे केव्हाच गेले, आता रफिकभाई बसतो, तरी त्या भांडणानंतर मी कधी भद्रकालीतल्या त्या गल्लीत शिरलो नव्हतो. तुझ्याबरोबर आलो तरी कोपऱ्यावर चहा पीत उभा राहायचो. तिथनं तू दिसायचीस. चामड्याचा कोपरा दुमडून सुरकुत्या बघायचीस. अंगठ्याला थुंकी लावून रंग सुटतो का ते घासायचीस. मग वास घ्यायचीस, डोळे मिटून. रफिकभाई म्हणायचा, "भाभी, अत्तर नाही ते." आणि बाहेर आलीस की मला सगळं समजावून सांगायचीस, बारीक सुरकुती म्हणजे पाठ, जाड सुरकुती म्हणजे पोट, जसं काही मी लाकूडकाम करतो.

तर मी गेलो. तुझी पिशवी घेतली आणि गेलो. रफिकभाई उठूनच उभा राहिला.

"अरे, मामा, तुम्ही? आज सूरज किधरसे निकला? भाभी कुठंय?"

मी म्हणालो, "घरी आहे."

सुमन, मी खोटं बोलायला गेलो नव्हतो. सांगणार होतो. तोंड उघडलं आणि तेच बाहेर आलं. त्यानं विचारलं, तब्येत ठीक ना, मी मान हलवली. मग त्यानं पाठीची दोन चामडी पसरली. मी हात फिरवला. एक दुमडलं, दुसरं दुमडलं. मला दोन्ही एकसारखी वाटली. मी काय आज चामडं बघतोय? रोज कापतो. पण हाताला काहीच लागत नव्हतं, बर्फातनं काढल्यासारखे हात. मी तिथं किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. रफिकभाईला दया आली असेल. म्हणाला, "मामा, दोन्ही घेऊन जा. भाभीला दाखवा. तिला जे नको असेल ते परत आणून द्या."

मी दोन्ही घेतली. चुकांचं पाकीट घेतलं, दोरा घेतला. घरी येऊन दोन्ही चामडी तुझ्या फोटोपुढं पसरली. मंगल दारात उभी राहून बघत होती, तिनं तोंडाला ओढणी लावली. रफिकभाईनं सांगितलं होतं दाखवा, म्हणून दाखवली. तू काहीच बोलली नाहीस. मग त्यातलं एक मीच ठरवलं. ते चांगलं होतं का, मला अजून माहीत नाही. तू असतीस तर पहिल्या हातातच कळलं असतं.

कापायला बसलो. रापी तीच, तू आणलेल्या पात्याची. अंबडच्या कुठल्या कंपनीच्या भंगारात निघालेलं करवतीचं तुटकं पातं, ते तू भंगारवाल्याकडनं मागून आणलंस आणि लोहारापुढं बसून घासून घेतलंस. तुला हत्यारांची नजर होती हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हणालो नाही, कारण म्हणालो असतो तर तू महिनाभर तेच ऐकवलं असतंस. आणि एकदा तर तू जे केलंस ते मी कसं विसरू. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारातनं डोक्यावर गोणी घेऊन आलीस. घामानं निथळत. "लाकडी फर्मे आहेत, जुने, सागाचे, त्याला किंमतच माहीत नव्हती." फर्मा म्हणजे ज्यावर बूट चढवून शिवतात तो लाकडाचा पाय. मी गोणी ओतली. एक डावा, दुसरा डावा, तिसरा डावा. सगळे डावे. मी तुझ्याकडं बघितलं, तू गोणीकडं बघितलंस. जराही न कचरता म्हणालीस, "उजवे पुढच्या बुधवारी येतील." आणि खरोखर दर बुधवारी त्या माणसाला शोधत फिरलीस. मी विचारायचो, आले का गं उजवे? तू म्हणायचीस, "तुम्हाला काय घाई, तुम्ही कुठं पळून चाललात?"

पळून तू गेलीस. याचं काय करायचं ते मला सांग.

डावा तळ तुझ्या जुन्या कागदावरनं कापला. उजव्याला कागद नाही. उजवा हातात होता. डोळे मिटले की टाच तळव्यात यायची, तशीच, थंड. त्या अंदाजानं अर्धं बोट वाढवून कापला. मंगल म्हणाली, "बाबा, एक मोठी झाली." मी म्हणालो, झाली नाही, केली. आतून मेंढीचं मऊ अस्तर लावलं. तळाला नव्या चुका मारल्या, एकही वाकडी गेली नाही. एवढं स्वच्छ काम मी कुठल्याच गिऱ्हाइकासाठी केलं नव्हतं. जोडी जमिनीवर ठेवून लांबनं बघितली, तर तूच तिथं उभी राहिल्यासारखी वाटली, पायांच्या वर मात्र काही नसलेली.

काल सवाष्ण म्हणून यमुनाला बसवलं. दुकानाशेजारी भाजी घेऊन बसते ती, पेठ तालुक्याकडची. तुझ्या भावाला नात्यातली हवी होती. मी म्हणालो, सुमनचा दुपारचा डबा नात्यातलीनं नाही, हिनं खाल्लाय. यमुनानं साडी घेतली, बांगड्या भरल्या. तेवढ्यात रफिकभाई आला. चौकातला फ्लेक्स बघून आला होता. सगळ्यांच्या देखत माझा दंड धरला.

"मामा, माझ्याशी खोटं का बोललात? भाभी घरी आहे म्हणालात."

"बोललो नाही," मी म्हणालो. "निघालं तोंडातनं."

तो माझ्याजवळच खाली बसला. मग त्या जोडीवर हात फिरवून हळूच म्हणाला, "हेच घेतलं असतं तिनं." खरं म्हणाला की माझ्यासाठी म्हणाला, मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

गुरुजींनी जोडी यमुनापुढं ठेवली. तिनं पाय घातले, दोन पावलं चालली आणि थांबली. ओशाळून म्हणाली, "बाबा, डावी झकास हाय. उजवी निघतीय पायातनं."

तुझा भाऊ म्हणाला, "असू दे, दान आहे, घालून मिरवायची नाही." पण गुरुजी म्हणाले, "नाही, घेणारीच्या पायात बसली पाहिजे. तिनं चालायला हवं. तिच्या पायानं ती गेलेलीला पोचते."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "उजवी ढिली होणारच. सुमनचा उजवा पाय मोठा होता."

होता, म्हणालो मी. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी एकट्यानंच ऐकलं. रफिकभाईला आहे म्हणालो, दूधवाल्याशी, शेजाऱ्यांशी, सगळ्यांशी बोलताना तुझ्याबद्दल आहे, आहेच करत होतो, आणि भरल्या घरात होता म्हणून मोकळा झालो.

मी मंगलला रापी आणि आरी आणायला सांगितली. एक मन म्हणत होतं, हिला दुसरी करून देऊ, ही राहू दे. पण दुसरी दिली तर तुझ्या वाटेला काय? तू अनवाणी. ही राहिली तर माझ्याजवळ राहते, तुझ्याजवळ नाही. यात भांडायला समोर कुणी नव्हतं. मी यमुनाला म्हणालो, "पाय दे." तिनं काही विचार न करता पाय माझ्या मांडीवर ठेवला. तुझ्याच घरात, तुझ्या फोटोपुढं. मी उजव्या पट्ट्याचे टाके उसवले. पट्टा तिच्या पायावर आवळला, पुन्हा टाचला. मग चप्पल उलटी धरून टाचेकडचा तळ तिच्या मापानं कापला. अर्धं बोट. नखासारखा वाकडा एक तुकडा खाली पडला.

यमुना उठली, तिनं चालून बघितलं. "आता बसली," म्हणाली. अंगणातनं गेली, रस्त्यावर गेली, जोडी पायात घट्ट. मी तिच्या टाचा बघत होतो. एकही बाहेर नव्हती.

मग पानं वाढायची घाई झाली. मंगल झाडू घेऊन आली, दोऱ्याचे तुकडे, कातरण, तो टाचेचा तुकडा, सगळं तिनं एका झटक्यात सुपलीत भरलं आणि बाहेर नेऊन टाकलं. मी समोरच बसलो होतो, बघत होतो. "थांब" म्हणायला पाहिजे होतं, हे मला आज सकाळी सुचलं.